लॉरेन्स ऑफ अरेबिया, त्याची बाईक आणि मागच्या ब्रेकचं गणित

एक साधा प्रश्न. बाईक चालवताना अचानक समोर कुणी आलं, तर तुमचा कुठला ब्रेक आधी लागतो? हाताचा की पायाचा? बऱ्याच जणांचा पाय आधी जातो, म्हणजे मागचा ब्रेक. पुढचा ब्रेक दाबला की गाडी उलटते, हे सायकल शिकल्यापासून आपल्या डोक्यात बसलेलं असतं.

ब्रेकच्या टिप्सची यादी तुम्हाला कुठेही मिळेल. म्हणून आज मी एका माणसाचं आयुष्य सांगणार आहे. त्याच्याकडे त्याच्या काळातल्या सर्वात वेगवान बाईक्सपैकी एक होती. हात तयार होता, यंत्राची जाण होती, रोजच्या वापरातला रस्ता होता. तरीही शेवटी काही मीटर कमी पडले. त्याचं नाव टी. ई. लॉरेन्स, म्हणजेच लॉरेन्स ऑफ अरेबिया.

कोण होता हा लॉरेन्स?

थॉमस एडवर्ड लॉरेन्सचा जन्म १६ ऑगस्ट १८८८ रोजी वेल्समधल्या ट्रेमॅडॉग गावात झाला. शिक्षण ऑक्सफर्डला, विषय इतिहास. पोरगा पुस्तकी नव्हता. जुने किल्ले बघायला त्याने फ्रान्स सायकलवर पालथा घातला. १९०९ मध्ये सीरियात धर्मयुद्धांच्या काळातले किल्ले बघत तो जवळजवळ सोळाशे किलोमीटर पायी फिरला. पुढे १९११ पासून कार्केमिश इथल्या उत्खननावर काम केलं. तिथे तो अरबी बोलायला शिकला आणि कामगारांमध्ये मिसळला.

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि त्याला कैरोमध्ये ब्रिटिश गुप्तवार्ता विभागात नेमलं. १९१६ मध्ये अरबांनी ऑटोमन तुर्कांविरुद्ध उठाव केला. लॉरेन्स तिकडे संपर्क अधिकारी म्हणून गेला आणि त्या लढ्याचाच भाग झाला. समोरासमोर लढण्याऐवजी तुर्कांची हेजाझ रेल्वे तोडायची, पूल आणि रूळ उडवायचे, आणि शत्रू जमायच्या आत वाळवंटात नाहीसं व्हायचं, ही त्यांची पद्धत. आपल्याकडे गनिमी कावा माहीत नसलेला माणूस सापडणार नाही, त्यामुळे जास्त समजावत बसत नाही. जुलै १९१७ मध्ये अरबांनी अकाबा बंदर जमिनीच्या बाजूने येऊन घेतलं. ऑक्टोबर १९१८ मध्ये दमास्कस पडलं.

पण १९१६ मध्येच ब्रिटन आणि फ्रान्सने गुपचूप करार करून हा प्रदेश आपसात वाटून घ्यायचं ठरवलं होतं. ज्यांच्या सोबत लढलो, त्यांना स्वातंत्र्याच्या भरवशावर लढवलं आणि तो भरवसा खोटा होता, ही टोचणी लॉरेन्सला आयुष्यभर राहिली. दुसरीकडे लोवेल थॉमस या अमेरिकन पत्रकाराने फोटो आणि फिल्म दाखवून त्याच्यावर जाहीर कार्यक्रम केले आणि लॉरेन्स रातोरात स्टार झाला. आजच्या भाषेत सांगायचं तर व्हायरल झाला.

कर्नलचा साधा शिपाई

आता गंमत बघा. एवढी प्रसिद्धी मिळाल्यावर माणूस काय करतो? लॉरेन्सने १९२२ मध्ये नाव बदललं आणि रॉयल एअर फोर्समध्ये सर्वात खालच्या पदावर भरती झाला. नवं नाव जॉन ह्यूम रॉस. काही महिन्यांतच वर्तमानपत्रांना पत्ता लागला आणि त्याला बाहेर काढलं. मग १९२३ मध्ये टी. ई. शॉ या नावाने तो रणगाडा दलात गेला. ठिकाण होतं दक्षिण इंग्लंडमधल्या डॉर्सेटचा बोव्हिंग्टन कॅम्प. तिथून जवळच त्याने क्लाउड्स हिल नावाचं छोटंसं घर घेतलं. १९२५ मध्ये तो पुन्हा एअर फोर्समध्ये परतला.

पगार साधा, राहणी साधी. पण एका गोष्टीत तडजोड नव्हती, ती म्हणजे बाईक.

ब्रफ सुपिरिअर: त्या काळची सुपरबाईक

नॉटिंगहॅममध्ये जॉर्ज ब्रफ नावाचा माणूस मोजक्या, महागड्या आणि अतिशय देखण्या मोटरसायकली बनवायचा. लोक त्यांना बाईकमधली रोल्स रॉइस म्हणायचे. एसएस १०० हे त्यांचं नावाजलेलं मॉडेल. त्यातल्या शंभरचा अर्थ ताशी १०० मैल, म्हणजे सुमारे १६० किलोमीटर. गाडी हा वेग गाठते याची कंपनी हमी द्यायची. आपल्याकडच्या बऱ्याच रोजच्या बाईक आजही या आकड्याच्या आसपास फिरकत नाहीत. इथे तर आपण जवळपास शंभर वर्षांपूर्वीच्या गाडीबद्दल बोलतोय.

लॉरेन्सकडे एकामागून एक अशा ७ ब्रफ होत्या आणि आठवीची ऑर्डर दिलेली होती. बनवणाऱ्याच्या नावावरून तो त्यांना जॉर्ज पहिला, जॉर्ज दुसरा अशी राजांसारखी नावं द्यायचा. एअर फोर्समधल्या दिवसांवरच्या 'द मिंट' या पुस्तकात त्याने विमानाबरोबर लावलेल्या बाईकच्या शर्यतीचं वर्णन केलंय. वेग हा त्याच्यासाठी नुसता टाइमपास नव्हता. युद्धाच्या आठवणी, प्रसिद्धी, खोटं नाव या सगळ्यातून मोकळं होण्याची ती जागा होती, असं मला त्याचं आयुष्य वाचताना वाटतं.

आता या गाडीचे ब्रेक बघू. पुढे ड्रम, मागे ड्रम. ड्रम ब्रेक म्हणजे काय, तर चाकासोबत फिरणाऱ्या डब्याच्या आत दोन अर्धगोल लायनर असतात. ब्रेक दाबला की ते पसरतात, डब्याला आतून घासतात आणि चाक मंदावतं. आपल्याकडच्या बऱ्याच साध्या बाईक आणि स्कूटरच्या मागच्या चाकात आजही हेच तंत्र आहे. लॉरेन्सच्या गाडीत डिस्क नव्हती, एबीएस नव्हतं. हातापायाचा जोर यांत्रिक जोडणीतून थेट ब्रेकपर्यंत पोहोचायचा.

शिवाय त्या काळचे पुढचे ब्रेक आजच्या मानाने कमकुवत, टायर साधे, आणि बरेच रस्ते खडीचे. सुट्या खडीवर पुढचं चाक लॉक झालं की पडणं जवळपास ठरलेलं. त्यामुळे मागच्या ब्रेकवर जास्त विसंबायची सवय त्या काळच्या रायडरला लागली असेल, तर त्यात नवल नाही. रस्ते आणि ब्रेक बदलले, सवय मात्र अजून आपल्या पायात आहे.

कराची, मुंबई आणि परत

१९२७ च्या सुरुवातीला एअर फोर्सने लॉरेन्सला कराचीजवळच्या ड्रिघ रोड डेपोत पाठवलं. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं, सिंध वेगळा प्रांत झाला तो १९३६ मध्ये. म्हणजे हा माणूस तांत्रिकदृष्ट्या आपल्याच इलाख्यात विमानांच्या इंजिन दुरुस्ती विभागात कारकुनी करत होता. १९२८ मध्ये त्याला वायव्य सरहद्दीवरच्या मिरानशाहला हलवलं. शेजारी अफगाणिस्तानात बंड झालं आणि हा तिथे हेरगिरी करतोय अशा बातम्या छापून आल्या. सरकारची पंचाईत झाली. जानेवारी १९२९ मध्ये त्याला मुंबईहून राजपुताना बोटीने इंग्लंडला परत धाडलं.

ज्याने युजर मॅन्युअल लिहिलं

आता माझा सर्वात आवडता भाग. परत आल्यावर त्याची नेमणूक प्लिमथला झाली, समुद्रात उतरणाऱ्या विमानांच्या तळावर. फेब्रुवारी १९३१ मध्ये त्याच्या डोळ्यांदेखत असं एक विमान समुद्रात कोसळलं आणि अनेक जण मेले. बचावकार्यात तो स्वतः होता. एअर फोर्सच्या बचाव बोटी फारच संथ आहेत, हे त्याने जवळून पाहिलं.

मग हा माणूस वेगवान बोटींच्या मागे लागला. जुन्या बोटी पाणी कापत, ढकलत जायच्या. नव्या बोटींचा तळ असा, की वेग वाढला की बोट पाण्यावर उचलली जाऊन सरकायला लागते. पाण्याचा विरोध कमी झाला की तेवढ्याच ताकदीत वेग वाढतो. हाइथ इथल्या बोटींच्या कारखान्यात राहून लॉरेन्सने इंजिनं चालवून पाहिली, चाचण्या घेतल्या, आणि १९३२ मध्ये २०० क्लास बोटीची सविस्तर तांत्रिक पुस्तिका लिहिली. इंजिन कसं सुरू करायचं, देखभाल कशी करायची, सगळं सरळ भाषेत.

मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे डॉक्युमेंटेशन लिहायचं म्हटलं की अर्धी टीम चहाला जाते. आणि इथे 'सेव्हन पिलर्स ऑफ विज्डम'सारखं गाजलेलं पुस्तक लिहिणारा लेखक शिपायाच्या हुद्द्यावर बसून मॅन्युअल लिहितोय! यंत्र समजून घ्यायचं आणि ते दुसऱ्याला नीट वापरता यावं म्हणून सोपं करून सांगायचं, ही खरी इंजिनिअरिंगची वृत्ती.

१३ मे १९३५

२६ फेब्रुवारी १९३५ रोजी त्याने एअर फोर्स सोडली. वय ४६. शेवटच्या नेमणुकीवरून, ब्रिडलिंग्टनहून, तो निघाला तो चक्क सायकलवर. क्लाउड्स हिलमध्ये शांतपणे राहायचं, पुस्तकं वाचायची, रेकॉर्ड ऐकायच्या, एवढाच बेत होता.

१३ मे च्या सकाळी तो ब्रफ घेऊन बोव्हिंग्टन कॅम्पच्या पोस्टात गेला. हेन्री विल्यमसन या लेखकाला दुसऱ्या दिवशी जेवायला बोलवायचं होतं, त्याची तार केली आणि घरी निघाला. अगदी थोडं अंतर, रोजचा रस्ता. पण हा रस्ता सपाट नाही, त्यात चढउतार आहेत. एका खोलगट भागात सायकलवर दोन मुलं चालली होती. चढाच्या अलीकडून ती दिसत नव्हती. लॉरेन्स वर आला, मुलं दिसली, त्याने गाडी बाजूला वळवली. तरीही एका सायकलला धक्का लागला आणि तो हँडलवरून पुढे फेकला गेला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. ते घालायची पद्धतच नव्हती.

सहा दिवस तो बेशुद्ध होता. १९ मे १९३५ रोजी लष्करी हॉस्पिटलमध्ये तो गेला. मुलं वाचली. २१ मे ला चौकशी होऊन अपघाती मृत्यू असा निर्णय लागला आणि त्याच दिवशी मोरटन गावात अंत्यविधी झाला. विन्स्टन चर्चिल तिथे हजर होते.

चौकशीत एका सैनिकाने काळी मोटार पाहिल्याचं सांगितलं, मुलांनी मात्र तशी मोटार पाहिली नव्हती. तेवढ्या एका धाग्यावर कटाच्या कितीतरी गोष्टी विणल्या गेल्या. मला त्यापेक्षा रस्त्याचा तो खोलगट भाग जास्त बोलका वाटतो.

आता गणित

अपघातानंतर बाईक दुसऱ्या गिअरमध्ये सापडली. त्यावरून वेग ताशी ३८ मैलांपर्यंत असावा असा हिशोब मांडला गेला, तर त्या सैनिकाने वेग याहून बराच जास्त असल्याचं सांगितलं. आपण कमी आकडा धरू. ३८ मैल म्हणजे साधारण ६० किलोमीटर. शंभर मैलाच्या गाडीसाठी हे काहीच नाही, आणि आपल्यासाठी तर रोजचंच.

ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. समोरचं दिसून हातपाय हलेपर्यंत एक सेकंद धरला, तर ब्रेक लागायच्या आधीच १७ मीटर गेले. पुढचं अंतर ब्रेकवर.

ब्रेक दाबला की तुम्ही पुढे झुकता ना? गाडीचंही तसंच होतं. समजा बाईक आणि तुम्ही मिळून २०० किलो, दोन्ही चाकांवर शंभर-शंभर. जोरात ब्रेक लागला की जवळपास १७० किलो भार पुढच्या चाकावर जातो आणि मागच्यावर उरतात ३०. ज्या चाकावर भार कमी, त्याची रस्त्यावरची पकड कमी. म्हणून मागचा ब्रेक कितीही जोरात दाबला तरी गाडी एका मर्यादेपलीकडे मंदावत नाही, चाक लॉक होऊन घसरायला लागतं.

आकड्यांत बघू. कोरडा, चांगला रस्ता धरून हा ढोबळ हिशोब आहे आणि त्यात तो एक सेकंदही मिळवलाय:

- ताशी ६०, फक्त मागचा ब्रेक: १७ + ५० = सुमारे ६७ मीटर
- ताशी ६०, दोन्ही ब्रेक: १७ + २० = सुमारे ३७ मीटर
- ताशी ४०, फक्त मागचा ब्रेक: ११ + २२ = सुमारे ३३ मीटर
- ताशी ४०, दोन्ही ब्रेक: ११ + ९ = सुमारे २० मीटर

दुसरी आणि तिसरी ओळ परत वाचा. ६० ने येऊन दोन्ही ब्रेक अचूक दाबणाऱ्या रायडरपेक्षा ४० ने येणारा, फक्त पायाचा ब्रेक माहीत असलेला रायडर आधी थांबतो. जिथे पुढचं दिसत नाही, तिथे सर्वात चांगला ब्रेक चढाच्या अलीकडे लावायचा असतो, म्हणजे थ्रॉटल सोडायचा. चढ संपल्यावर अनुभव, महागडी गाडी, नाव, काहीच कामाला येत नाही.

आणि वळवण्याचं काय? टायरची पकड रोजच्या दीड जीबी डेटासारखी आहे. सगळी ब्रेकमध्ये खर्च केली तर वळायला उरत नाही, वळण्यात खर्च केली तर ब्रेकला उरत नाही. वळता वळता घाबरून मागचा ब्रेक गच्च दाबला की मागचं चाक बाहेर सरकतं, ते यामुळेच.

मग मागचा ब्रेक कशासाठी?

याचा अर्थ मागचा ब्रेक बिनकामाचा, असं अजिबात नाही. त्याची कामं वेगळी आहेत:

- कमी वेगात: ट्रॅफिकमध्ये, यू-टर्न घेताना, पार्किंगमध्ये. इथे पुढचा ब्रेक झटक्यात दाबला आणि हँडल वळलेलं असलं, तर गाडी कलंडते. मागचा ब्रेक गाडी स्थिर ठेवतो.
- वाळू, खडी, चिखल: पुढचं चाक घसरलं तर सावरणं फार कठीण. मागचं घसरलं तर निदान संधी मिळते. म्हणून अशा जागी पुढचा ब्रेक अगदी हलका आणि मागच्यावर जास्त भर.
- डबलसीट: मागे माणूस किंवा सामान असेल तर मागच्या चाकावर भार वाढतो, तेव्हा मागचा ब्रेक एरवीपेक्षा जास्त काम करतो.
- उतारावर: खालचा गिअर, आणि जोडीला हलका मागचा ब्रेक. सतत दाबून धरू नका, तापलेल्या ड्रमची ताकद कमी होते.
- इमर्जन्सीत: दोन्ही एकत्र. पुढचा झटका न देता, पण लगेच वाढवत न्यायचा. गाडी पुढे दबली की मागचा थोडा सैल.

सरळ रस्त्यावर मागचं चाक लॉक झालंच, तर नजर समोर आणि हँडल सरळ ठेवा. गाडी तिरकी झालेली असताना ब्रेक एकदम सोडला, तर चाकाला अचानक पकड मिळते आणि गाडी उलट्या बाजूला फेकते.

तुमच्या गाडीत काय आहे तेही बघून ठेवा. १ एप्रिल २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं, आणि त्याखालच्यांना निदान सीबीएस. सीबीएस म्हणजे मागचा ब्रेक दाबला की थोडा पुढचाही लागतो. त्यामागे हेच भाराचं गणित आहे. एबीएस चाकाला लॉक होऊ देत नाही, पण सिंगल चॅनल असेल तर ते फक्त पुढच्या चाकावर असतं. मागचं चाक तेव्हाही लॉक होऊ शकतं. तुमचं सिंगल की ड्युअल, हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं.

ज्या डॉक्टरने गोष्ट सोडली नाही

लॉरेन्सवर उपचार करायला बोलावलेल्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स हे मेंदूचे तरुण सर्जन होते. त्यांना त्याला वाचवता आलं नाही. पण मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा प्रश्न त्यांनी हाती घेतला. १९४१ मध्ये त्यांनी हेल्मेटच्या उपयोगावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश लष्कराने ड्युटीवरच्या सगळ्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. पुढे १९४६ मध्ये केर्न्सनी मृत्यू घटल्याचे आकडे मांडले. ब्रिटनमध्ये सर्वांसाठी हेल्मेटचा कायदा यायला मात्र १९७३ उजाडलं. आपल्याकडे मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२९ मध्ये हेल्मेटची तरतूद आहे, मागे बसणाऱ्यासाठीसुद्धा.

१९६२ चा 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' सिनेमा सुरू होतो तोच या अपघाताने. आपले आय. एस. जोहरही त्यात आहेत. साडेतीन तासांहून मोठा आहे, सुट्टीच्या दिवशी बघा. मोबाईलवर मात्र नको, वाळवंट मोठ्या पडद्यावरच बघायचं असतं.

त्याआधी एक काम करा. एखाद्या रिकाम्या, सरळ रस्त्यावर हेल्मेट घालून ताशी २० ने चालवा आणि दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू वाढवत दाबून थांबा. मग ३० ने. दहा-बारा वेळा केलं की हाताला आणि पायाला आपापला वाटा कळतो. आणि पुढच्या वेळी समोरचा रस्ता चढाआड किंवा वळणाआड गेला, की थ्रॉटल आधीच सोडा. पलीकडे सायकलवर दोन पोरं असू शकतात.